पेवावरचं मैदान

आमच्या बास्केटबॉल क्लबचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, ते एका अर्थी बरंच झालं. लिहिला असता तर त्यात खरं फार आलं असतं, आणि खऱ्यावर आमच्या हरिपुरात कुणाचा विश्वास बसत नाही. आता सांगायला मीच उरलोय, तेव्हा पदरचा मीठमसाला थोडाफार पडणारच. पण पेवाची जी गोष्ट पुढं येणार आहे तीत मी चिमूटभरसुद्धा वरून टाकलेलं नाही. पटत नसेल त्यानं साताऱ्याला जाऊन विचारावं. तिथली माणसं सांगतील, तो हरिपूरचा गडी ना, पक्का थापाड्या. तोच माझा पुरावा.

आधी पेव म्हणजे काय ते ऐका. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा आणि वारणा जिथं एकमेकींच्या गळ्यात पडतात तिथं आमचं हरिपूर. तिथली माती अशी चिवट की तिच्यात खड्डा खणला तर बापजाद्यांच्या काळापर्यंत ढासळत नाही. त्या मातीत हळद साठवायची कोठारं खणलेली, तीच पेवं. तोंड एवढं अरुंद की एक माणूस खांदे आवळून आत जाईल, आणि खाली पोट रांजणासारखं सुटलेलं, दोन-तीन पुरुष खोल. बुडाला, कडेला उसाचं पाचट लावायचं, हळद ओतायची, वर पुन्हा पाचट आणि माती दाबून तोंड लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. कीडच काय, झाकलेल्या पेवात काहीच जगत नाही. आतली हवा मरते. म्हणून पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड उघडं टाकून पेवाला हवा खाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर माणूस वरच बसून तंबाखू मळतो. आमच्याकडं पोरगं चालायला शिकायच्या आधी हे शिकतं.

आता अशा जागेवर बास्केटबॉलचं मैदान कुणी करील का? आम्ही केलं. नवं राज्य झालं त्याच्या आगंमागं आमचे शेठ हळदीचा नमुना घेऊन मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी हा खेळ बघितला आणि येताना एक चेंडू घेऊन आले. मिरजेपर्यंत आगगाडीत मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं म्हणे विचारलं, कलिंगड कापायचं कधी? शेठना मूलबाळ नव्हतं, आणि माणूस हौशी. सपाट, टणक, कुणाच्या उपयोगाची नसलेली अशी एकच जागा त्यांच्या मालकीची होती, ती म्हणजे पेवांवरची. तिथं घर बांधता येत नाही, नांगर घालता येत नाही, विहीर खणता येत नाही. आम्ही म्हटलं, खेळायला काय हरकत हाय. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव वळवून लोहाराकडनं रिंगा करून घेतल्या. चुन्यानं अनवाणी पाय भाजायचे, म्हणून रेघा हळदीच्या भुकटीनं मारल्या. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मैदानाचंच लग्न आहे.

शेठनी खेळाडू पगारावर ठेवले. सातारा-सांगलीच्या मुलखात चेंडू आपटायचा पगार घेणारी माणसं म्हणजे आम्हीच. कागदावर कुणी हमाल, कुणी काट्यावरचा तोलार. मी कारकून. माझं कारकुनीचं काम एवढंच की हिशेबाच्या वहीजवळ फिरकायचं नाही. मी एकदा फिरकलो होतो तेव्हा गुळाची गाडी हळदीत जमा झाली होती. आमचा एक गडी इतका उंच की त्याच्या डोक्यावर पाऊस आमच्याआधी पडायचा. आणि मिरजेचा एक तंबोरा करणाऱ्यांच्या घरातला पोरगा होता, माझा जिवलग. भोपळा टिचकीवर पारखणारं घराणं. त्यानं पहिल्याच दिवशी चेंडू आपटत सगळं मैदान फिरून बघितलं आणि म्हणाला, “गड्या, ही जमीन न्हाई, वाद्य हाय.” खाली पेव असेल तिथं चेंडूचा आवाज घुमायचा. जिथं पेवाचं तोंड लिंपलेलं असेल तिथं चेंडू मेल्यासारखा बसायचा, गुडघ्याच्या वर उसळायचा नाही. त्या जागा त्यानं आम्हाला पाठ करून घेतल्या. पाहुणा गडी चेंडू आपटत रुबाबात यायचा, नेमका लिंपलेल्या तोंडावर आपटायचा, चेंडू खालीच राहायचा आणि गडी पुढं जायचा. मग आम्ही तो चेंडू उचलून न्यायचो. ह्याला आम्ही कौशल्य म्हणत होतो.

ह्या कौशल्यावर आम्ही ढाल मिळवली आणि टिकवली. सांगली आणि सातारा यांच्यात दरसाल एक सामना व्हायचा. जिंकणाऱ्याकडं वर्षभर ढाल. आमची ढाल शेठच्या अडत दुकानात गादीच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेली असायची आणि तिलाही रोज उदबत्ती मिळायची. पण शेठच्या भावांना ते बघवेना. हळदीचं पीक वाढलं होतं, पेवं कमी पडत होती, आणि मैदानाखालची चांगली पेवं आमच्या उड्यांसाठी बंद ठेवलेली. घरात रोज कुरबूर. शेवटी शेठनी भर बाजारात, भावांच्या देखत, तोडगा सांगितला. “ढाल माझ्या गादीवर हाय तवर मैदान पोरांचं. ढाल गेली की दुसऱ्या दिवशी कुदळ घालीन. मग मला कुणी हात जोडायचे न्हाईत.”

शेठचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द. तो फिरला तर उद्या त्यांच्या तोंडच्या दरावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा आम्हाला कळून चुकलं की क्लब त्या ढालीच्या खिळ्याला लटकलेला आहे. आणि क्लब गेला तर बाकीचे निदान पोती उचलतील. मला पोतंही उचलत नव्हतं आणि वहीही पेलत नव्हती. मी त्या क्लबचा कप्तान होतो आणि त्यापलीकडं मी कुणीच नव्हतो.

त्या वर्षी सातारकर आले ते एक हवालदार घेऊन. फौजेतून रजेवर आलेला त्यांचा कप्तान. मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक कंदील टांगावा. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर पळत चढायचा आणि किल्ला दमला की उतरायचा, असं त्याची पोरं सांगत होती. म्हणजे थापा मारायला त्यांच्याकडंही माणसं होती.

आता आमची एक रीत होती. पाहुण्यांना सामन्याआधी पेवाची भीती घालायची. सकाळी भडंग आणि चहा झाला की मी गोष्टी सुरू करायचो. माझा चुलता मगरीवर बसून नरसोबाच्या वाडीला जाऊन आला, ही त्यातली नेहमीची. मग पाहुण्यांना कडुलिंबाखालच्या एका जुन्या, रिकाम्या पेवापाशी न्यायचं आणि सांगायचं, ह्यात एक बया राहते, तिला उजेड खपत नाही. हमालांचे मुकादम गंभीर तोंडानं मान डोलवायचे. मग कंदील खाली सोडायचा. कंदिलाच्या वात फिरवायच्या चकतीला काळा दोरा गुंडाळलेला असायचा. दोरा हळूच ओढला की वात खाली, उजेड गुल. कितीतरी संघांची पोरं त्यानंतर आमच्या मैदानावर पाय उचलून उचलून पळायची.

हवालदारानं सगळं शांतपणे बघितलं. कंदील विझला तशी त्याची पोरं दोन पावलं मागं सरकली. हा मात्र पुढं आला, दोरी स्वतःच्या हातानं वर ओढली, कंदील उचलून डोळ्यांजवळ धरला आणि चकतीला गुंडाळलेला काळा दोरा दोन बोटांत धरून हळूहळू उलगडला.

“बया लय हुशार हाय तुमची,” तो म्हणाला. “शिवणकाम बी येतंय तिला.”

सगळे सातारकर हसले. आमचे मुकादमही हसले, ते मला जास्त लागलं. हवालदारानं दोरा माझ्या खिशात सारला आणि खिसा वरून थोपटला. “गड्या, आमी सरहद्दीवर राती काढल्यात. आता खेळून दाखवा.”

इथवर सगळी थट्टाच. पण त्याच सकाळी दुसरी एक गोष्ट झाली होती. बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं आणि शेठनी खरंखुरं एक पेव फोडायला लावलं होतं. नेमकं मैदानाच्या कोपऱ्यातलं, आमच्या हल्ल्याच्या बोर्डामागचं, रेघेच्या बाहेर पाच-सहा हातांवर. कित्येक वर्षं झाकलेलं, आणि अर्धंच भरलेलं. अर्धपोटी पेव सगळ्यात वाईट, कारण हळदीच्या वर मेलेली हवा मावायला जागा जास्त. आम्ही शेठना म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. शेठ म्हणाले, “सौदा थांबत न्हाई. तट्ट्या लावा भवतीनं आनि तोंड उघडं ठेवा. उद्या सकाळी कंदील सोडू.”

बांबूच्या तट्ट्या लावल्या. कमरेएवढ्या उंच. चेंडूला तेवढ्या पुरतील असं वाटलं.

सामना दुपार कलल्यावर सुरू झाला. पंच म्हणून कऱ्हाडचे एक ड्रिल मास्तर आले होते, दोन्हींकडचे नकोत म्हणून मधल्या गावचे. कडक इस्त्रीचा माणूस. बसले तर मोडतील म्हणून उभेच असायचे. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “चेंडूची शिवण मला दिसते तोवर खेळ चालेल. शिवण दिसेनाशी झाली की सामना रद्द. रद्द झाला तर ढाल आहे तिथंच राहील.”

पहिल्या अर्ध्यात सातारकरांनी आणलेला चेंडू कुंपणाच्या बाभळीवर गेला आणि फुस्स झाला. राहिला आमचा एक. तिसरा चेंडू सांगलीत एका शाळेत होता, तो आणायला एकाला सायकलवर पिटाळला.

आणि खेळ असा रंगला की सांगू नये. हवालदारानं सकाळी नुसता दोराच ओळखला नव्हता, त्यानं मैदानही ओळखलं होतं. चेंडू दोनदा मेल्या जागी बसला तशी त्यानं आपल्या पोरांना ओरडून सांगितलं, “आपटू नगा, हातानं फेका.” झालं, आमचं सगळं कौशल्य जमिनीत राहिलं. ते चेंडू वरच्या वर खेळवत होते आणि आम्ही त्यांच्याखाली कोंबडीच्या पिलांसारखे फिरत होतो. तरी आम्ही सोडलं नाही. आमच्या उंच गड्यानं घारीसारखे चेंडू उचलले. तंबोऱ्यावाल्याच्या गुडघ्याची सालटं निघाली. शेठ खुर्चीवर बसले होते, पुढ्यात टेबलावर ढाल, आणि त्यांचे भाऊ दोन बाजूंना. भावांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता, कारण आम्ही सारखे मागं होतो.

सूर्य संगमापलीकडच्या झाडांत टेकला तेव्हा सातारा एका गुणानं पुढं होता. शेवटची काही मिनिटं. मास्तर चेंडू हातात आला की शिवण निरखून बघत होते. तंबोऱ्यावाल्यानं मला चेंडू दिला. हवालदार माझ्यावर धावून आला, मी त्याच्या बगलेखालून निसटलो आणि मैदानाच्या जवळजवळ मधूनच चेंडू फेकला. तो इतका उंच गेला की परत येईपर्यंत मी मनात नवस बोलून त्यातला नारळ लहान करून घेतला. चेंडू लोखंडी रिंगेच्या काठावर आपटला, उडाला, बोर्डाच्या डोक्यावरून पलीकडं गेला, तट्टीच्या वरच्या कडेला लागला आणि आत पडला.

आवाज आला नाही. भुसभुशीत काहीतरी दबल्यासारखा, एवढाच.

मास्तरांनी शिट्टी मारून वेळ थांबवली. सगळे तट्ट्यांपाशी गोळा झाले. खाली काळोख होता आणि त्यातून हळदीचा जुना, कोंदट वास येत होता. मुकादमांनी न सांगता कंदील पेटवला आणि दोरीनं सोडला. तोंडातून खाली गेला, गळ्यातून खाली गेला, पोटात उतरताच ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली.

“आज कुणी उतरायचं न्हाई,” मुकादम म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

आमच्या गर्दीत एक हलकी कुजबूज पसरली. तिच्यात दुःख नव्हतं. सूर्य निम्मा बुडाला होता. सायकलवाला अंधार पडल्याशिवाय येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. नुसतं उभं राहायचं होतं. थोडा वेळ नुसतं उभं राहिलो की शिवण दिसेनाशी होणार, ढाल टेबलावरून परत गादीवर जाणार, मैदान वाचणार. शेठच्या भावांचीच तोंडं तेवढी उतरली. मी माझ्या आयुष्यात तोंड बंद ठेवायला कधी इतका राजी नव्हतो.

हवालदार मात्र सूर्याकडं बघत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

“दोरी आना,” तो आपल्या पोरांना म्हणाला.

मी म्हटलं, “हवालदार, दोरी कशाला?”

“चेंडू काढाया.”

“आत जाता येत न्हाई. हवा मेलीया आतली. कंदील विझला बगितला न्हवं?”

“सकाळी बी विझला व्हता.”

“सकाळचं निराळं. त्ये खोटं व्हतं. हे खरं हाय.”

सातारकर मोठ्यानं हसले. माझ्याच कानाला ते वाक्य कसं लागलं ते मला आजही आठवतं. मुकादमांनी कंदील पुढं केला, “बगा, दोरा न्हाई ह्याला.” हवालदार म्हणाला, “मुकादम, सकाळी बया खरी हाय म्हणून मान कोण डोलवत व्हतं?” मुकादमांनी कंदील खाली ठेवला.

त्यानं कमरेला दोरी बांधली. टोक आपल्या दोन पोरांच्या हातात दिलं आणि तट्टी बाजूला केली. मी आडवा आलो.

“माझा सख्खा चुलता असाच गेला,” मी म्हणालो. “पलीकडच्या पेवात. बाहेर काडला तवा तोंड हळदीगत पिवळं आनि व्हट काळं.”

“तुझा चुलता तर सकाळी मगरीवर बसून वाडीला गेलाता.”

“तो दुसरा चुलता.”

“किती चुलतं हायत रं तुला?”

पुन्हा हशा. मी घामानं भिजलो होतो, आणि तो खेळाचा घाम नव्हता. शेठ खुर्ची सोडून धावत आले. “अवं हवालदार, ऐका माझं, पोरगं खरं बोलतंय.” हवालदारानं त्यांना रामराम घातला. “शेठ, ढाल तुमच्या गादीवर हाय. तुमी तर म्हननारच.” मास्तर मध्ये पडले, “अहो, थोडं थांबा, दुसरा चेंडू येतोय.” तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. “मास्तर, ह्यास्नी थांबायचंच हाय. त्यांचा सगळा खेळ थांबन्यात हाय. चेंडू खाली पडलाय, दोन पुरुसांवर. मी श्वास धरून जातो आनि श्वास धरून येतो.”

“खाली गेल्यावर श्वास धरायचं ध्यानात ऱ्हात न्हाई,” मुकादम जमिनीकडं बघत म्हणाले. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

हवालदार पेवाच्या काठावर बसला आणि पाय आत सोडले. आमचा उंच गडी त्याला धरायला झेपावला. साताऱ्याची पोरं मध्ये आली, छातीला छाती लागली, कुणीतरी कुणाची बनियन धरली, आणि दोरी धरलेल्या दोघांपैकी एकाचा पाय तट्टीत अडकून तो भेलकांडला. दोरी सैल पडली. हवालदार हातभर खाली घसरला आणि कोपरांवर अडकला. मी ओरडलो, “मागं सरा, सगळे मागं सरा.” कळलं की ओढाओढी केली तर आम्हीच त्याला आत टाकू.

आता त्याचं फक्त डोकं, खांदे आणि कोपरं वर होती. एवढ्या मिशा, आणि त्या जमिनीच्या पातळीला. त्याची पोरं दोरी पुन्हा आवळत होती. तो छातीत हवा भरून घेत होता, लांब, सावकाश, पोहणारा बुडी मारायच्या आधी घेतो तशी. एकदा घेतली. सोडली. दुसऱ्यांदा घेतली.

मी खूप काही सांगू शकत होतो. माझ्याजवळ गोष्टींचा तोटा कधीच नव्हता. पण त्या घटकेला मला दिसलं की मी जे जे सांगीन ते ते त्याला आत ढकलील. मी रडलो असतो तरी तो म्हणाला असता, नट बरा हाय. जगात एकच वाक्य असं होतं की ते माझ्या फायद्याचं नव्हतं, म्हणून ते त्याला खरं वाटलं असतं.

“मास्तर,” मी म्हणालो, “शिट्टी मारा. सामना साताऱ्याचा. आमी हरलो.”

कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटलं. मास्तर वळले. “कप्तान म्हणून सांगतोस? परत घेता येणार नाही.”

“कप्तान म्हणून सांगतोय. लौकर मारा.”

मास्तरांनी शिट्टी मारली. लांबलचक, सामना संपल्याची. हवालदारानं भरलेली हवा सोडली. तो मान वळवून खालून माझ्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडावर त्याला काय दिसलं देव जाणे, पण त्याच्या मिशा हळूहळू वर गेल्या.

“एकदाचं खरं बोललास,” तो म्हणाला.

त्याच्या पोरांनी त्याला ओढून वर घेतलं. पाय बाहेर आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत गळ्याच्या भिंतीवरची हळदीची भुकटी लागलेली होती. सातारकर नाचायला लागले. मी तिथंच खाली बसलो.

शेठनी ढाल उचलली, आपल्या उपरण्यानं पुसली आणि हवालदाराच्या हातात दिली. पाया पडायला आलेल्या आपल्या पोरांपैकी कुणाकडं त्यांनी बघितलं नाही. जाताना माझ्याजवळ थांबले. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, क्षणभर, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात कुदळ पडली. शब्द म्हणजे शब्द. पहिला घाव त्यांनी स्वतः घातला आणि मग दिवसभर दुकानात दार लावून बसले. तंबोऱ्यावाला मिरजेला परत गेला. त्यानं जाताना कुदळीचे आवाज थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, “बेसूर मारायला लागलेत.” बाकीच्यांनी हमालांच्या गणवेशातल्या बंड्या चढवल्या. मी रिंगा सोडवून लोहाराला नेऊन दिल्या.

तिसऱ्या दिवशी हवालदार एकटाच आला. एस.टी.नं, साताऱ्याहून, पेढ्यांचा पुडा घेऊन. जिंकणाऱ्याला सामन्याचा चेंडू मिळतो, अशी रीत होती, तो न्यायला आला म्हणाला. मुकादम कोपऱ्यातल्या पेवापाशीच होते. दंवापासून जपायला रात्री तोंडावर तट्ट्या पडत होत्या, म्हणून पेव अजून पुरतं मोकळं झालं नव्हतं. ते कंदील पेटवत होते.

“आना हिकडं,” हवालदार म्हणाला.

त्यानं कंदील हातात घेतला. चकती तपासली. दांडी तपासली. दोरी हातभर-हातभर बोटांतून काढली. मग आपल्या खिशातली काडेपेटी काढून स्वतः वात पेटवली, मोठी केली, आणि स्वतःच्या हातानं कंदील खाली सोडला. आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. कुणी हसलं नाही. ज्योत गळ्यातून खाली गेली, थोडी आखडली, निळी झाली, विझली.

त्यानं कंदील वर घेतला. पुन्हा पेटवला. पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

मग तो काठापासून मागं सरकून जमिनीवर बसला आणि पाय पोटाशी ओढून घेतले. त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला, तो त्यानं एका दमात रिकामा केला. बराच वेळ तो त्या तोंडाकडं बघत होता.

“तुझा चुलता,” तो शेवटी म्हणाला. “ह्यातच?”

“पलीकडच्या. आता कुदळ पडली त्याच्या शेजारच्या.”

“हं.” त्यानं रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, “आनि मगर?”

“मगर बी खरी हाय.”

तो हसला नाही, पण मिशा हलल्या. पेढ्यांचा पुडा त्यानं मुकादमांच्या हातात दिला. चेंडू न घेताच उठला. जाताना माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “साताऱ्याला ये. आमच्या संघात जागा हाय. शाळंत शिपायाची नोकरी बी बगतो. पर एक सांगतो, हिकडची गोष्ट मी तिकडं माज्या पद्धतीनं सांगनार. सांगलीवाल्यांनी चेंडू लपवला आनि ह्यो पठ्ठ्या घाबरून हरला म्हनून. माझी बी इज्जत हाय.”

मी म्हटलं, “सांगा की. तुमाला गोष्ट सांगायला मी शिकवतो.”

मी गेलो. साताऱ्याला काही वर्षं खेळलो. त्यानं ती गोष्ट चारचौघांत सांगितली की मी शेजारी बसून मान डोलवायचो, मुकादमांसारखी. तिथलं मैदान पक्कं होतं, मुरुमाचं, रोलर फिरवलेलं. पहिल्या दिवशी मी चेंडू आपटला आणि थांबलो. नुसता ठक असा आवाज आला. पुन्हा आपटला. ठक. पोरं विचारायला लागली काय झालं. मी म्हटलं काही नाही, आणि सगळं मैदान चेंडू आपटत एकदा फिरून आलो. कुठंच काही घुमलं नाही.